बिनवाद्याचा वादक : तोस्कानिनी

लग्नाच्या वरातीपुढे बँड वाजतो, तो तुम्ही पाहिला आहे. दहा-वीस माणसे असतात. कुणी क्लॅरिनेट फुंकतो, कुणी ढोल बडवतो, कुणी झांजा वाजवतो. त्यांचा एक बँडमास्तर असतो. त्याने खूण केली की गाणे सुरू, त्याने खूण केली की बंद. भजनाला बसले तरी असेच. बुवा अभंग धरतात. टाळकरी आणि पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे पाहून चालतात.

आता दहा-वीस नव्हे, शंभर वादक डोळ्यांपुढे आणा. कितीतरी जणांच्या हाती व्हायोलिन आहे. काहींच्या जवळ चेलो आहे. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. तो खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. मागे बासऱ्या, क्लॅरिनेट, पितळेचे कर्णे. सगळ्यांत मागे नगारे आणि झांजा. युरोपात या मेळ्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात. मराठीत वाद्यवृंद. आपल्या जत्रेत सिनेमाची गाणी म्हणणारा ऑर्केस्ट्रा येतो, तो निराळा बरं का!

या शंभर जणांपुढे एका चौथऱ्यावर एक माणूस उभा राहतो. लोकांकडे त्याची पाठ असते. हातात दीड-दोन वितींची बारीक छडी. तो काही वाजवत नाही, काही गात नाही. नुसते हात हलवतो. आणि कार्यक्रम संपला की सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच! तुम्ही म्हणाल, हा कुठला न्याय? फुंकून फुंकून गाल शंभर जणांनी दुखवायचे आणि मान याने घ्यायचा?

या माणसाचे काम काय असते ते आधी पाहू.

आपण अक्षरे शिकलो. बोललेला शब्द कागदावर उतरवता येतो, हे आपल्याला कळले. तशी सुरांनाही लिपी आहे. कोणता सूर, किती वेळ, मोठ्याने की हळू, हे सारे त्या लिपीत लिहिता येते. पण वाद्यवृंदातल्या प्रत्येकापुढे फक्त त्याच्यापुरता कागद असतो. झांजवाल्याच्या कागदावर कधी कधी पानेच्या पाने मोकळी. त्याने नुसत्या मात्रा मोजत बसायचे आणि नेमक्या क्षणी एकदा झांज मारायची. एक मात्रा चुकली की शंभर जणांच्या मेहनतीचा विचका. शेजारी काय वाजवणार आहे हे त्याच्या कागदावर नसते.

सर्वांचे सर्व लिहिलेले पुस्तक फक्त संचालकापुढे असते. त्यात एकाखाली एक पंधरा-वीस ओळी. आपण एका वेळी एक ओळ वाचतो. त्याला त्या सगळ्या ओळी एकाच वेळी वाचाव्या लागतात. उजव्या हाताच्या छडीने तो लय दाखवतो. डाव्या हाताने सांगतो, 'कर्णेवाले, जरा दमानं', 'व्हायोलिनवाले, उचला'. पण खरे काम कार्यक्रमाच्या दिवशी नसतेच. ते आधीच्या तालमींत झालेले असते. कोण बेसूर आहे, कोण घाई करतो, कोण नुसताच धनुकली फिरवतो आहे, हे शंभर आवाजांतून त्याच्या कानाला कळावे लागते.

अशा संचालकांत गेल्या शतकात ज्याचे नाव फार मोठे झाले, त्याची हकिगत आम्ही सांगणार आहोत. नाव आर्तुरो तोस्कानिनी. नाव जड आहे. पण दोनदा मोठ्याने वाचा, जीभ वळेल.

इटली देशात पार्मा नावाचे शहर आहे. तेथे २५ मार्च १८६७ रोजी आर्तुरोचा जन्म झाला. बाप क्लाउदिओ शिंपीकाम करी. गॅरिबाल्डीच्या फौजेत तो लढून आला होता. आपल्या स्वातंत्र्याच्या चळवळीत मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे पुष्कळांच्या तोंडी असत. तोच हा गॅरिबाल्डी. लढून आलेल्या या शिंप्याचा जीव सुईदोऱ्यात कमी आणि राजकारणाच्या गप्पांत जास्त. त्यामुळे घरात ओढगस्त.

शाळेतल्या एका बाईंच्या ध्यानात आले की, हा पोरगा कविता एकदा वाचतो आणि पाठ म्हणतो. त्यांनी त्याला पियानोचे धडे दिले आणि संगीत विद्यालयात घालावे असे सुचवले. आम्ही जन्मभर मास्तरकी केली, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. मोठ्या माणसांच्या चरित्रांत असे शिक्षक एका ओळीत येऊन जातात.

१८७६ साली, नऊ वर्षांचा असताना, तो पार्म्याच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. नऊ वर्षे तेथे राहिला. शिस्त कडक, खाणे निकृष्ट. तिथला मासा इतका वाईट असे की पुढे जन्मभर त्याने माशाला तोंड लावले नाही. कोकणातल्या वाचकांना याचे नवल वाटेल! तेथे तो चेलो शिकला. पण त्याला वेड होते ते पुस्तकातल्या साऱ्या ओळी वाचण्याचे. आपला चेलो काय वाजवतो एवढ्यावर त्याचे समाधान होत नसे. १८८५ साली तो पहिल्या वर्गात परीक्षा उत्तीर्ण झाला.

पुढच्या वर्षी एका इटालियन नाटक मंडळीबरोबर तो चेलोवादक म्हणून दक्षिण अमेरिकेला गेला. ही मंडळी ऑपेरा करीत. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखाच, पण त्यात बोलणे जवळजवळ नाही. सगळे गाण्यातच, आणि साथीला पुरा वाद्यवृंद.

३० जून १८८६. ब्राझील देशातले रिओ द जानेरो शहर. त्या रात्री व्हेर्दी या थोर इटालियन संगीतकाराचा 'आयदा' हा ऑपेरा होता. मंडळीचा ब्राझिली संचालक इटालियन लोकांशी भांडून ऐन वेळी काम सोडून गेला. प्रेक्षक त्याच्या बाजूचे. पडदा उघडायच्या आधीच थिएटरात आरडाओरड. दुसरा संचालक उभा राहिला, त्याला शिट्ट्या मारून घालवला. तिसरा आला, त्याचीही तीच गत. तिकिटाचे पैसे परत करायची वेळ आली. परक्या मुलखात सगळी मंडळी अडकून पडली असती.

तेव्हा कुणीतरी म्हणाले, 'तो चेलोवाला पोरगा! त्याला आयदा सगळा पाठ आहे.'

पोराचे वय १९. याआधी त्याने असा प्रयोग कधी चालवला नव्हता. मंडळींनी त्याला पुढे ढकलला. तो चौथऱ्यावर चढला. समोर व्हेर्दीचे जाडजूड पुस्तक उघडे होते. त्याने ते मिटले आणि छडी उचलली. प्रेक्षक क्षणभर चकित होऊन गप्प झाले. तेवढ्यात संगीत सुरू झाले. सुरू झाले ते शेवटच्या अंकापर्यंत थांबले नाही. जे लोक शिट्ट्या मारत होते तेच प्रयोग संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट करीत होते. पुढचा सारा दौरा त्यानेच चालवला.

येथून पुढे आम्हीही त्यांना 'अरे-तुरे' करणार नाही.

पण पाहा, एवढे यश मिळवून तोस्कानिनी मायदेशी परतले आणि पुन्हा चेलो घेऊन बसले! १८८७ च्या फेब्रुवारीत मिलान शहरातल्या 'ला स्काला' या मोठ्या नाट्यगृहात व्हेर्दीच्या 'ओतेल्लो' ऑपेऱ्याचा पहिला प्रयोग होता. स्वतः व्हेर्दी तालमी घेणार होते. त्यांच्या हाताखाली काम करायला मिळावे म्हणून तोस्कानिनींनी तेथे दुसऱ्या चेलोची जागा धरली. एका जागी चेलो हळू वाजवायचा असे लिहिले होते. तोस्कानिनी तसेच वाजवत होते. म्हाताऱ्या व्हेर्दींनी तालमीत येऊन सांगितले की, दुसरा चेलो ऐकू येत नाही, जरा मोठ्याने वाजवा. लिहिलेले तर पाळायचेच, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होते तेही ओळखायचे. संचालकाच्या कामातली ही मोठी अडचण आहे आणि ती त्यांना जन्मभर पुरली.

१८९८ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते त्याच ला स्कालाचे मुख्य संचालक झाले. झाले आणि भांडणे सुरू झाली. त्या काळी लोक नाटकाला येत ते एकमेकांना भेटायला, कपडे मिरवायला. तोस्कानिनींनी प्रेक्षागृहातले दिवे मालवायला लावले. बायकांच्या मोठमोठ्या टोप्या मागच्यांच्या आड येत, त्या काढायला लावल्या. आणि सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे 'वन्समोअर' बंद केला.

आपल्याकडे बालगंधर्वांच्या नाटकात एकेका पदाला किती वन्समोअर पडत, हे जुनी माणसे अजून सांगतात. खरे सांगायचे तर आम्हांलाही वन्समोअर आवडतो. आपल्या गाण्यात गवई दुसऱ्यांदा तेच पद निराळे करून गातो. इटलीतल्या त्या गाण्यात तसे नसते. तेच सूर जसेच्या तसे पुन्हा. तोस्कानिनींचे म्हणणे असे की, गोष्ट रंगात आली असताना ती थांबवून गवयाचे कौतुक करायचे, तर गोष्ट लिहिलीच कशाला? याच वन्समोअरवरून लोक हट्टाला पेटले, तेव्हा एकदा चालू प्रयोग सोडून ते सरळ घरी निघून गेले. ला स्कालाची नोकरी काही काळ सुटली.

रागाच्या बाबतीत मात्र आम्ही त्यांचे गुण गाणार नाही. तालमीत मनासारखे झाले नाही की ते ओरडत, शिव्या देत, छड्या मोडत, पुस्तके फाडत. एकदा एका व्हायोलिनवाल्याला इजा झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. छडी उगारल्याशिवाय पोरे शिकत नाहीत असे म्हणणारे मास्तर आम्हीही पाहिले. ती पोरे शिकली ती छडीमुळे, असे आम्हांला कधी वाटले नाही. तोस्कानिनींचे वादक मात्र एक गोष्ट कबूल करीत. हा माणूस दुसऱ्याकडून जेवढे मागतो त्याच्या दुप्पट स्वतःकडून मागतो.

त्यांची नजर अधू होती. समोरचे पुस्तक वाचायला ते अगदी डोळ्यांजवळ धरावे लागे. चौथऱ्यावर उभे राहून कसे वाचणार? म्हणून ते सारे पाठ करीत. एक गोष्ट सांगतात. कार्यक्रमाआधी एक वादक घाबरा होऊन आला. म्हणाला, 'माझ्या वाद्याची एक चावी मोडली. अमुक सूर आता निघणार नाही.' तोस्कानिनी डोळ्यांवर हात ठेवून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'जा, बस. आज रात्री तुझ्या कागदात तो सूर कुठे नाही.'

१९०८ ते १९१५ ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात होते. पहिले महायुद्ध आले तसे मायदेशी परतले. लढाईच्या आघाडीवर त्यांनी सैनिकांचा बँड चालवला.

आता हकिगतीला वेगळे वळण लागते.

युद्धानंतर इटलीत मुसोलिनी पुढे आला. १९१९ च्या निवडणुकीत त्याच्या नव्या फॅसिस्ट पक्षाच्या यादीत तोस्कानिनींचेही नाव होते. हे लपवून चरित्र सांगणे आम्हांला पटत नाही. त्या वेळी मुसोलिनीची भाषा गोरगरिबांच्या बाजूची होती. ती निवडणूक ते सगळे हरले. पुढे मुसोलिनीचे गुंड काठ्या घेऊन हिंडू लागले, तसे तोस्कानिनी त्याच्यापासून दूर झाले. १९२२ साली मुसोलिनी सत्तेवर बसला. विरोधी पक्ष गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बंद झाली. हुकूम निघाला की, नाट्यगृहात त्याच्या पक्षाचे गीत वाजलेच पाहिजे.

तोस्कानिनी म्हणाले, नाही.

ला स्काला तेव्हा पुन्हा त्यांच्या हाती होते. २५ एप्रिल १९२६ रोजी तेथे 'तुरानदोत' या ऑपेऱ्याचा पहिला प्रयोग झाला. तो लिहिणारे पुच्चीनी शेवट पुरा होण्याआधीच १९२४ साली वारले होते. पुच्चीनींच्या हातचे जेथे संपले तेथे तोस्कानिनींनी छडी खाली ठेवली आणि लोकांना सांगितले की, येथवर लिहून गुरुजी गेले. त्या प्रयोगाला मुसोलिनी आला नाही. तो येणार तर पक्षाचे गीत वाजायला हवे, आणि तोस्कानिनी ते वाजवणार नव्हते. देशाचा सर्वाधिकारी एका संचालकापुढे अडला.

पण असे फार दिवस चालत नाही. १४ मे १९३१ रोजी बोलोन्या शहरात त्यांचा कार्यक्रम होता. मंत्री येणार होते. पुन्हा तोच हुकूम, पुन्हा तोच नकार. संध्याकाळी तोस्कानिनी गाडीतून उतरून दाराशी आले. तेथे फॅसिस्टांचे टोळके उभे होते. त्यांनी विचारले, 'गीत वाजवणार की नाही?' ते म्हणाले, 'नाही.' एकाने त्यांच्या थोबाडीत मारली. वय ६४. सोबतच्यांनी त्यांना कसेबसे गाडीत घातले. रात्री जमाव हॉटेलखाली येऊन शिव्या देऊ लागला. पहाट व्हायच्या आत गाव सोडा, असा निरोप आला. मिलानला गेल्यावर सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. पासपोर्ट म्हणजे परदेशी जाण्याचा परवाना. जगभर ओरड झाली, तेव्हा तो परत मिळाला. मुसोलिनीचे राज्य असेपर्यंत इटलीत त्यांनी पुन्हा छडी उचलली नाही.

कुणी म्हणेल, चार मिनिटांचे गाणे! वाजवले असते तर काय बिघडले असते? शंभर माणसे रोज ज्याचा हुकूम मानतात, त्याला एक हुकूम मानायला काय झाले? आम्हांला यात फरक दिसतो. वादक त्यांचा हुकूम मानत, तो लिहिलेले संगीत नीट उतरावे म्हणून. मुसोलिनीचे गीत संगीतासाठी नव्हते. लोकांनी उठून उभे राहावे आणि कोण उभा राहत नाही ते दिसावे, यासाठी ते होते.

जर्मनीतही असेच झाले. बायरॉइट या गावी वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या नावाने मोठा उत्सव होतो. १९३० साली तेथे तोस्कानिनींना बोलावणे आले होते. तो मोठाच मान होता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वादकांना, संचालकांना कामावरून काढू लागला. तोस्कानिनींनी निषेध केला आणि बायरॉइटला जायचे नाकारले. हिटलरने स्वतः पत्र पाठवले, तरी गेले नाहीत.

काढून टाकलेल्या त्या ज्यू वादकांपैकी कित्येकांना हुबरमान नावाच्या व्हायोलिनवादकाने पॅलेस्टाइनमध्ये नेले आणि तेथे नवा वाद्यवृंद उभा केला. त्याचा पहिला कार्यक्रम २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीव शहरात झाला. छडी धरायला तोस्कानिनी गेले. वाटखर्च स्वतःचा, बिदागी शून्य. ते काही फुकट काम करणारे नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका रेडिओ कंपनीशी त्यांचा करार झाला, तो १० कार्यक्रमांना ४०,००० डॉलर असा! पण येथे त्यांनी काही घेतले नाही.

या वाद्यवृंदाशी आपल्या मुंबईचेही नाते आहे. ज्या १९३६ साली तो सुरू झाला, त्याच साली मुंबईत एका पारशी घरात झुबिन मेहता जन्मले. त्यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवत, आणि मुंबईत त्यांनीही एक वाद्यवृंद काढला होता. पुढे झुबिन मेहता त्याच तेल अवीवच्या वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक झाले आणि २०१९ पर्यंत त्या जागेवर राहिले.

तोस्कानिनी मग अमेरिकेतच राहिले. वर सांगितलेल्या रेडिओ कंपनीने, एन.बी.सी.ने, त्यांच्यासाठी खास वाद्यवृंद उभारला. १९३७ च्या नाताळच्या रात्री पहिला कार्यक्रम झाला. ज्यांनी कधी थिएटर पाहिले नव्हते अशा लाखो लोकांच्या घरांत ते संगीत पोचले. २५ जुलै १९४३ रोजी असाच कार्यक्रम चालू असताना मुसोलिनीची सत्ता गेल्याची बातमी आली.

त्याच उन्हाळ्यात बॉम्ब पडून ला स्काला मोडले होते. लढाई संपल्यावर ते पुन्हा बांधले. तोस्कानिनींनी स्वतःचे पैसे दिले. एक अटही घातली. गाणाऱ्यांच्या मेळ्याचे जुने मास्तर ज्यू होते, म्हणून त्यांना काढले होते. त्यांना परत घ्या, म्हणाले. घेतले. ११ मे १९४६ रोजी, ७९ वर्षांचे तोस्कानिनी पुन्हा त्या चौथऱ्यावर चढले. आत जागा पुरेना. बाहेर चौकात कर्णे लावले होते. तेथे उभे राहून लोकांनी ऐकले.

४ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. वय ८७. वाजवता वाजवता एका जागी त्यांना पुढचे आठवेना. हात थांबला. जन्मभर ज्या आठवणीच्या जोरावर ते उभे राहिले, ती त्या क्षणी दगा देऊन गेली. वादकांनी सांभाळून घेतले. पुन्हा हात उचलून त्यांनी कार्यक्रम पुरा केला. पण शेवटचे सूर वाजत असतानाच हातातली छडी खाली पडली होती, असे सांगतात. १६ जानेवारी १९५७ रोजी ते न्यूयॉर्कला वारले. देह मिलानला नेऊन तेथे पुरला.

त्यांच्या कार्यक्रमांच्या तबकड्या निघाल्या, त्या आजही ऐकायला मिळतात. त्यांपैकी एक 'ला बोएम' या पुच्चीनींच्या ऑपेऱ्याची आहे. त्याचा अगदी पहिला प्रयोग तोस्कानिनींनीच १८९६ साली चालवला होता. ही तबकडी त्यानंतर ५० वर्षांनी, १९४६ साली, रेडिओच्या कार्यक्रमावरून केलेली. ती लक्ष देऊन ऐका. गवई गात असतात, व्हायोलिन वाजत असतात, आणि मधूनच मागे एका म्हाताऱ्याचा घोगरा आवाज त्यांच्याबरोबर गाताना ऐकू येतो. तो तोस्कानिनींचा.